प्रथिन-संशोधकांच्या विभागीय मेळाव्यासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

महाराष्ट्र आणि गोव्यात प्रथिनांवर संशोधन करणाऱ्यांचा दोन दिवसांचा विभागीय मेळावा दिवाळीनंतर पुण्यात भरवण्याचे आम्ही योजले आहे. सभागृह, पोस्टर लावण्याच्या फळ्या आणि चहापाणी यांची तजवीज झाली आहे. लहान गावांतल्या महाविद्यालयांमधून येऊ इच्छिणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च आणि त्यांची दोन रात्रींची राहण्याची सोय मात्र अजून व्हायची आहे, आणि तेवढ्यासाठीच हे पत्र आपल्यापर्यंत पाठवत आहोत.

प्रथिने म्हटले की आपल्याला डाळी आणि अंडी आठवतात. पण शरीरातले बहुतेक काम प्रथिनांचे रेणू करतात आणि अमिनो आम्लांची लांब साखळी नेमकी कशी दुमडली जाते यावर ते काम अवलंबून असते. नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे नाव आता घराघरांत माहीत आहे. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा नावाच्या साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. या विकारात त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरे अमिनो आम्ल येते, आणि आई-वडील दोघांकडूनही हा दोष आला तर ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांचे ताठ धागे बनतात, लाल पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि लेकरू हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडते. कोकणात फुरसे चावल्यावर रक्त गोठण्याची क्रिया बिघडवतात तीही विषातली प्रथिनेच, आणि त्यावर घोड्यांच्या रक्तापासून तयार होणारे प्रतिविषही प्रथिनांचेच असते. ज्या जिल्ह्यांत हे प्रश्न आहेत, तिथल्याच मुलामुलींना या संशोधनात उभे राहता यावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

या विषयात आपल्या देशाने फार पूर्वी मोलाची भर घातली आहे. प्रथिनाच्या साखळीला कोणते कोन शक्य आहेत आणि कोणते नाहीत, हे दाखवणारा आलेख जैवभौतिकशास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली मद्रासहून प्रसिद्ध केला, आणि आजही जगात कुठेही एखाद्या प्रथिनाची रचना, म्हणजे दुमडल्यावरचा त्याचा आकार, नव्याने उलगडली की ती त्या आलेखावर तपासून घेतली जाते. प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ मध्ये अवघ्या ७ रचनांनिशी सुरू झाला. आज तिथे २ लाखांहून अधिक रचना आहेत आणि त्या सर्वांना विनामूल्य पाहता येतात. साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून संगणकाने रचनेचा अंदाज बांधण्याच्या कामाचा २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पुरस्काराने गौरव झाला. शहाद्यातली विद्यार्थिनी आता मोबाइलवर हव्या त्या प्रथिनाचे चित्र फिरवून पाहू शकते. परीक्षानळीत ते प्रथिन तयार करताना काय चुकते आहे, हे मात्र तिला अनुभवी माणसाकडूनच कळते.

मागच्या मेळाव्यातली एक गोष्ट सांगतो. खानदेशातून आलेली एक विद्यार्थिनी पोस्टरसमोर उभी होती. ई. कोलाय जिवाणूत तिला हवे ते प्रथिन भरपूर तयार होत होते, पण पेशी फोडून सेंट्रीफ्यूज केले, म्हणजे यंत्रात वेगाने फिरवले, की सगळेच्या सगळे नीट न दुमडता गुठळी होऊन तळाशी पांढऱ्या गोळ्यात बसायचे आणि वापरता यायचे नाही. सात महिने हेच चालले होते. एका ज्येष्ठ तंत्रसहायकांनी पोस्टर वाचले आणि विचारले, "जिवाणूंचे कल्चर ३७ अंशांवरच ठेवतेस का गं? १८ वर आण, रात्रभर हळू वाढू दे." तिने वहीत ते लिहून घेतले. पुढे तिने कळवले की प्रथिन अखेर विरघळून वरच्या द्रवात आले. पण त्या दिवशी संध्याकाळी तिला रात्रीची एसटी पकडून परत जावे लागले, कारण राहायला जागा नव्हती, आणि दुसऱ्या दिवशीचे शुद्धीकरणावरचे सत्र, जे तिला सर्वांत जास्त उपयोगी पडले असते, ते तिच्याविना पार पडले. ही उणीव आमच्या आयोजनातली होती आणि ती आम्हाला अजून बोचते.

म्हणून यंदा एका विद्यार्थ्याचे जाण्या-येण्याचे एसटी किंवा रेल्वेचे भाडे हे आम्ही देणगीचे एक माप धरले आहे. आपण एका विद्यार्थ्याचा भार उचलावा, किंवा चार जणांनी मिळून एकाचा उचलावा. ज्यांना कोणतीही फेलोशिप मिळत नाही, त्यांना प्राधान्य दिले जाईल. प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल, जमाखर्च सर्व देणगीदारांना पाठवला जाईल आणि शिल्लक राहिलेली रक्कम पुढील मेळाव्याच्या प्रवासनिधीतच जमा होईल.

पाषाण, बाणेर, औंध भागांत राहणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. एखादी खोली दोन रात्रींसाठी मोकळी असेल, तर एका विद्यार्थिनीला घरी उतरवून घ्यावे. जेवण मेळाव्यातच असल्याने घरच्यांना त्याची दगदग पडणार नाही. निवृत्त प्राध्यापक, संशोधक आणि तंत्रसहायक यांनी दोन्ही दुपारी पोस्टरच्या वेळेत तासभर तरी यावे आणि मुलांच्या अडलेल्या प्रयोगांबद्दल त्यांच्याशी बोलावे.

प्रवासाची आरक्षणे वेळेत करता यावीत, म्हणून आपली मदत दसऱ्यापूर्वी समितीकडे पोहोचवावी, ही नम्र विनंती.

आपली विनीत,
आयोजन समिती, पुणे