मिस्त्रीकाका, आधी पाणी शोधलंत म्हणून

आदरणीय मिस्त्रीकाका,

सा. न. वि. वि.

आभार मानायला घरी आले होते, तेव्हा तुम्ही चहा पाजून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. जुन्या बोटीच्या आतलं लाकूडकाम बदलायची वेळ आणखी कुणावर आली, तर तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळावं.

मामांची मोटर यॉट १९८०च्या दशकातली, फायबरग्लासची. केबिनच्या भिंतींना सागाचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेल्या प्लायचे तक्ते होते. खिडक्यांखाली ते काळे पडून फुगले होते, थर सुटले होते. मुंबईत मामांना सगळे एकच सांगत होते, वरून नवं विनियर चिकटवा. तुम्ही जन्मभर वडोदऱ्याच्या रावपुरा-दांडिया बाजारातल्या घरांची कामं केलेली, बोटीत पहिल्यांदाच पाय ठेवलात. पण एक तक्ता सोडवून आधी त्याची पाठ पाहिलीत. पुढून नुसता डाग, मागून पार कुजलेला. "पाणी कुठून येतंय ते सापडल्याशिवाय मी मापसुद्धा घेणार नाही," म्हणालात.

मग मामा बाहेरून खिडक्यांवर नळी धरून उभे आणि तुम्ही आत बॅटरी घेऊन बसलेले. पाणी शिरत होतं चौकटीच्या कोपऱ्यातून, पण आतल्या पट्टीवरून वाहत जाऊन भलतीकडेच उतरत होतं. डाग होता तिथे फट नव्हतीच. चौकटी सोडवून, जुनं सीलंट खरवडून, नवं भरून पुन्हा पाणी मारून पाहिलंत आणि मगच लाकडाकडे वळलात. त्या वेळी वरून विनियर चिकटवलं असतं, तर पुढच्या पावसाळ्यात तेही फुगलं असतं. माझ्या मते सगळं काम तिथेच जिंकलं गेलं.

हलत्या बोटीत ओळंबा चालत नाही आणि वळणाऱ्या भिंतीला काटकोनाचा गुण्या लागत नाही. फुगलेल्या तक्त्यांवरून माप घ्यायला तुम्ही नकार दिलात. पातळ प्लायच्या पट्ट्या जागेवरच जोडून प्रत्येक भिंतीचा फर्मा, म्हणजे मापाचा साचा, केलात, वळणाची रेघ कर्कटकानं उतरवलीत, प्रत्येकावर नंबर आणि वरची बाजू लिहिलीत. तुमचे आजोबा कलाभवनात शिकलेले, हे तेव्हा कळलं. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या त्या संस्थेची शिस्त तिसऱ्या पिढीच्या हातात दिसली, याचा बडोदेकर म्हणून मला फार अभिमान वाटतो.

पुढचं काम वडोदऱ्यातल्या तुमच्या कारखान्यात झालं. प्लाय आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचाच, म्हणजे ओलाव्यात टिकणारा मरीन, हा तुमचा हट्ट. तक्त्याची पाठ आणि कापलेल्या कडा तुम्ही इपॉक्सीनं बंद केल्यात. नुसती पुढची बाजू पॉलिश केली तर मागून दमट हवा शोषून तक्ता वाकतो, हे तुम्ही मला समजावलंत. विनियरचे पापुद्रे एकाच ओंडक्याचे, लागोपाठचे निवडलेत. त्यामुळे सागाची रेघ खिडकीच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरळ पुढे जाते. ते पाहताना मामांचे डोळे भरून आले होते. मामांना घरच्या कपाटासारखं चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश हवं होतं. ते ओलाव्यानं पांढरं पडतं म्हणून तुम्ही पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारलंत आणि त्यांची समजूतही घातलीत.

लोखंडी स्क्रू एकही ठेवला नाहीत. ओल्या सागात ते गंजले की भोवतीचं लाकूड काळं पडतं, म्हणून सगळे ३१६ दर्जाचे स्टेनलेस. तक्ते सरसानं कायमचे चिकटवले नाहीत, मागे हवा खेळायला जागा ठेवलीत. स्क्रू दिसतात म्हणून मी कुरकुरत होते. तुम्ही म्हणालात, "ताई, मागे वायरी आहेत, नळ्या आहेत. कुणाला तरी तिथे हात घालावा लागणारच." पावसाळ्यानंतर एका पंपाची वायर खराब झाली. मामांनी एक तक्ता उतरवला, वायर बदलली, तक्ता परत बसवला. कुठे ओरखडासुद्धा नाही. मागची बाजू कोरडी ठणठणीत होती, हे सांगायला त्यांनी मला लगेच फोन केला.

काका, तुम्ही मजुरी घेतलीत, आणि ती योग्यच होती. पण खिडक्यांमागे जे दिवस घालवलेत, त्यांचे पैसे तुम्ही बिलात लावले नाहीत. ते मामांना फार लागून राहिलं आहे. पुढच्या केबिनचं काम दिवाळीनंतर काढायचं म्हणतात, आणि या खेपेला शोधकामाची मजुरी आधी ठरवायची, असं त्यांनी बजावलं आहे. तुमची सवड कळवा, तिकिटं मी काढते. काकूंना नमस्कार.

आपली,
मामांची भाची, वडोदरा