हुडहुडसाठी दोन माईक, आणि लिप्यंतरासाठी पैसा

प्रति,
मा. अध्यक्ष, राष्ट्रीय संस्कृती व कला आयोग, मनिला

महोदय,

फिलिपिन्समधल्या इफुगाओ लोकांचे हुडहुड हे कथागायन आणि लानाओ सरोवराकाठच्या मारानाओ लोकांचे दारांगेन हे महाकाव्य २००८पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहेत. आता मुख्य मागणी ही: संकलनाच्या अनुदानात कॅमेऱ्यापेक्षा लिप्यंतराला, म्हणजे गायलेले शब्दशः लिहून काढायला, जास्त पैसा ठेवा.

आधी ध्वनिमुद्रण. हुडहुडमध्ये एक वयस्कर बाई ओळ उचलते आणि बाकीच्या झील धरतात. मधोमध एकच माईक ठेवला की झील तिचे शब्द गिळते. म्हणून एक माईक तिच्या तोंडापासून वीतभर, दुसरा झीलकरणींपुढे, दोन्ही वेगळ्या ट्रॅकवर. मोबाइलवर भागवू नये. त्यातली गोंगाट गाळणारी सोय लांबवलेला स्वरच कापते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर दोन ट्रॅकचा तास साधारण १ जीबी भरतो. जागा वाचवायला एमपी३ करू नये.

खरा खर्च पुढेच आहे. तासभराचे गाणे उतरवून अर्थ लावायला निदान ४० तास धरा. महाकाव्याची भाषा रोजची नसते. पानाय बेटावरच्या सुगिदानॉन या महाकाव्यात किनाराय-आ भाषेतले जुने शब्द येतात. दुसऱ्याच दिवशी गाणारीला ओळ-ओळ ऐकवून अर्थ विचारावा. उशीर झाला की शब्दार्थाऐवजी कथेचा सारांश हाती येतो. दारांगेन तर १७ खंडांचे, ७२,००० ओळींचे!

हुडहुड पेरणीला, कापणीला, मयताच्या जागरणाला, अस्थी धुण्याच्या विधीला गातात. यंत्र आले की कापणीचा प्रसंगच जातो. गिरणी आल्यावर जात्यावरच्या ओवीचे आमच्याकडे हेच झाले. तेव्हा सभागृहात बोलावून गाऊन घेण्याऐवजी हाताने कापणी चालते त्या वाफ्यांवर माणसे पाठवा, आणि जिवंत परंपरांच्या शाळांत शिकवणाऱ्या म्हाताऱ्यांचे मानधन वेळेवर द्या.

आपल्या देशाच्या १९९७च्या आदिवासी हक्क कायद्यात पूर्वसंमतीची तरतूद आहे. ती ध्वनिमुद्रणाला, छपाईला आणि इंटरनेटवर टाकायला वेगवेगळी घ्यावी. अस्थिविधीचे गाणे ध्वनिमुद्रित करू देणारे गाव ते जगाला ऐकवू देईलच असे नाही. एक प्रत गावात राहू द्या, कागदावर छापलेलीही, कारण दमट हवेत हार्ड डिस्कचा भरवसा नसतो. आणि प्रत्येक फाइलसोबत गाणारी, गाव, प्रसंग, तारीख व झील धरणाऱ्यांची नावे हवीतच. नुसते ‘हुडहुड, भाग २’ लिहिलेली फाइल पुढच्या संकलकाला कुठल्या कथेशी जोडावी तेच कळत नाही.

आपले,
मौखिक साहित्याचे काही मराठी संकलक