बाय, तू आधी विचारलंस

फिजिओथेरपीवाल्या बाय,

खरं तर तुला डॉक्टर म्हणायला हवं, पण तू माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान, आणि मी चौतीस वर्षं मराठी प्राथमिक शाळेत पोरांना अरे-तुरे करत शिकवलंय, ती सवय जात नाही, रागवू नकोस. नाव लिहीत नाही कारण तूच म्हणालीस की बाई माझं नाव कुठं टाकू नका. पण लिहिल्याशिवाय मला राहवतच नाहीये, काल रात्री सलग पाच तास झोपले मी, आणि उठल्यावर पहिली आठवण तुझी आली.

साडेतीन वर्षं मान दुखत होती माझी. हे गेले त्याच्या पुढच्या पावसाळ्यात सुरू झालं, आधी उजवीकडे, मग दोन्ही खांदे, मग डोक्याची मागची बाजू, आणि शेवटी शेवटी तर मुलीनं हौसेनं केलेली गळ्यातली बारीक साखळीसुद्धा काढून ठेवावी लागली, तिचं वजन ते काय, पण कातडीला लागली की आग व्हायची. न्हाऊन आल्यावर ओल्या केसांना पंचा गुंडाळता येईना. घरातले म्हणायचे, आई एवढ्यानं कसं दुखेल? मलाही तेच वाटायचं गो, एवढ्यानं कसं दुखेल, मग दुखतंय का?

तुझ्याआधी तिघांकडे गेले. पहिल्यांनी एक्स-रे बघितला, मणके झिजलेत म्हणाले, वयाप्रमाणे आहे, पट्टा लावा. लावला आठ महिने, मान आणखीच दुबळी झाली. दुसऱ्यांनी मान धरून अशी काय वळवली की डोळ्यांपुढे अंधारी आली, मी ओरडले तर म्हणाले, एवढ्याशानं ओरडता काय? बाहेर बाकावर बसलेल्या लोकांनी ते ऐकलं. साठी उलटलेली बाई मी, अर्ध्या गावाला पाढे शिकवलेली, मान खाली घालून बाहेर आले, आणि मान खाली घातल्यावर तर जास्तच दुखतं. तिसऱ्यांनी माझ्याकडे न बघता मुलाला सांगितलं की आईंना जरा भजनात वगैरे गुंतवा, मनाचे खेळ असतात या वयात. त्या दिवसानंतर मी दुखतंय हा शब्दच घरात काढायचा नाही असं ठरवलं, वर्षभर नाही काढला.

मग मुलगी ऐकेना म्हणून तुझ्याकडे आले. खरं सांगते, काही आशा नव्हती. तू रिपोर्टची पिशवी बाजूला ठेवलीस, पावसात भिजून आलेली होतीस, तर आधी हात पुसलेस, दोन्ही तळवे एकमेकांवर घासलेस, स्वतःच्या मानेला लावून बघितलेस की गार तर नाहीत ना, आणि मग विचारलंस, ‘‘बाई, हात लावू? दुखलं की नुसतं बोट वर करा, मी थांबते.’’

आणि थांबलीस. मी बोट वर केलं आणि तुझा हात तिथल्या तिथं थांबला, ‘अजून थोडं, अजून थोडं’ असं काही नाही. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या मानेवर माझा हक्क आहे असं वाटलं. डोळे भरून आले ते दुखल्यामुळे नव्हते, तुला वाटलं दुखलं, तू घाबरलीस, तेव्हा मला बोलता आलं नाही म्हणून आता सांगते.

मग तू पायाची नडगी दाबलीस. मानेचा नि नडगीचा काय संबंध असं मनात आलं, पण तुझ्या अंगठ्याचं नख पांढरं व्हायच्या आतच मी कळवळले. तू हसली नाहीस, कागदावर लिहून घेतलंस. आणि मला विचारलंस झोप लागते का, घरात कोण कोण असतं. हे भजन म्हणायचे ते ऐकल्यावर तू म्हणालीस, बाई, देवळातला तो माईक आठवा, गाणाऱ्याचा आवाज तेवढाच असतो पण कोणी बटण फिरवून ठेवलं की साधा श्वाससुद्धा कर्ण्यातून मोठा ऐकू येतो, तसं तुमच्या मज्जारज्जूत आणि मेंदूत दुखण्याचं बटण चढून बसलंय, दुखणं खोटं नाही, आवाज वाढलाय. म्हणून नडगीसुद्धा बोलते. झिजलेले मणके तर काहीही न दुखणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतात. रात्रीची जागरणं, मनावरचा भार, यानं ते बटण आणखी वर जातं. सगळं एका दमात कळलं मला, आमच्या भाषेत सांगितलंस म्हणून.

शिक्षकी खोड, घरी येऊन नातवाला मोबाईलवर शोधायला लावलं. क्लिफर्ड वूल्फ नावाच्या संशोधकानं हे १९८३ मध्येच दाखवून दिलंय, चाळीस वर्षं होऊन गेली! आणि वेदनेचा अभ्यास करणारी जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिनं २०२० मध्ये वेदनेची व्याख्या नव्यानं लिहिली, त्याच्या टिपणात सरळ म्हटलंय की माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्या तिघांनी वाचलं नसेल का?

व्यायामाचं लिहीत बसत नाही, ते तुला माहीत आहे, रोज करते, चुकवत नाही. दुखणं पूर्ण गेलंय असंही म्हणणार नाही, ढगाळ दिवसात अजून जाणवतं, पण आता ते दुखणं मला घाबरवत नाही.

आणि तुझ्यामुळे माझं लक्ष जायला लागलंय, अशी माणसं आहेत गो आजूबाजूला. परवा कदंब बसमध्ये मी मागच्या सीटवर टेकले तर कंडक्टर पोरगा स्वतः उठून आला, मावशे मागे धक्के बसतात, पुढे चल म्हणाला, मानेचं मी काही सांगितलंही नव्हतं, चालण्यावरूनच ओळखलं असेल त्यानं. त्याला ना पगार वाढणार ना कोणी शाबासकी देणार. बाजारातली ती मासळीवाली, पिशवी माझ्या हातात न देता भाच्याकडून रिक्षापर्यंत पोचवते. आधी पण करत असतील, मी दुखण्यात बुडालेली, दिसत नव्हतं.

यंदा चवथीला मुलानं गणपतीच्या डोक्यावर रानफळांची माटोळी बांधली. हे असताना तेच बांधायचे, मी खालून एकेक नाव सांगायची आणि शाळेतली पोरं वहीत लिहून घ्यायची. तीन चवथी मी वर बघितलंच नव्हतं, बघता येत नव्हतं, मूर्तीपुढे हात जोडून तशीच बाजूला व्हायची. यंदा तू शिकवलंस तशी हळूहळू मान वर केली, भिंतीला पाठ टेकून. कवंडाळं, घागऱ्या, आंबाडे, सुपारीचा घड, सगळी नावं नातवाला सांगितली. मधे एकदा कळ आली तेव्हा थांबले, बोट वर केलं, स्वतःशीच, नातू विचारतो आजी कोणाला थांब म्हणतेस?

माटोळीतलं एक तोरिंजन तुझ्यासाठी राखून ठेवलंय. सोमवारी घेऊन येते.

तुझी,
डिचोलीच्या बाई