रविवारच्या उपासनेची आठवण : पाठ मत्तय १३

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

कापूस वेचणी सुरू आहे, म्हणून येत्या रविवारी उपासना सकाळी १० ऐवजी ८ वाजता होईल. मत्तय १३:२४-३० आणि ३६-४३ घरी वाचून या.

आपल्याकडे बाया निंदणाला जातात. बायबलमधला शब्दही जवळचाच, निदण, म्हणजे तण. या पाठात येशूने सांगितलेला दाखला आहे : एकाने शेतात गहू पेरला आणि वैऱ्याने त्यात निदण पेरलं. मजूर ते उपटायला निघतात, पण मालक त्यांना थांबवतो. ते तण ओंबी येईपर्यंत गव्हासारखंच दिसतं. उपटायला गेलं तर गहूही हाती येईल, म्हणून दोन्ही कापणीपर्यंत राहू द्या, असं तो सांगतो.

मागच्या प्रार्थनेला एका ताईंनी विचारलं, देव न्याय करणार तर एवढा उशीर का? प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. २ पेत्र ३:९ मध्ये उत्तर सापडलं : कोणाचा नाश व्हावा असं त्याला वाटत नाही, सर्वांनी पश्चात्ताप करावा म्हणून तो धीर धरतो. म्हणजे हा उशीर आपल्यासाठीच आहे. मात्र कापणी, म्हणजे शेवटचा न्याय, येतेच, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आणि निवड देवदूत करतील, आपण नाही; शेजाऱ्याकडे बोट दाखवत हा पाठ वाचू नका.

योहान ५:२४ सुद्धा वाचा. जो येशूचं वचन ऐकून त्याला पाठवणाऱ्यावर विश्वास ठेवतो, तो मरणातून जीवनात आलाच आहे. हे वाचून मला फार धीर आला.

ज्यांच्या मनात अजून चलबिचल आहे, त्यांनी उपासनेनंतर पाळकांजवळ थांबावं. घाई नाही, जबरदस्ती तर नाहीच. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन या.