पोर्टलवरचं घड्याळ सरकारचं असू द्या

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सा. न. वि. वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, एका गावात सेवा केंद्र चालवतो. मागच्या हंगामात शेतकऱ्यांच्या एका योजनेचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी गेलेली लाईट रात्री साडेदहाला आली. रांगेत सगळ्यात शेवटी एक ताई होत्या. दोन एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. त्यांचा अर्ज भरून सबमिट दाबलं तेव्हा पोर्टलच्या कोपऱ्यातलं घड्याळ ११ वाजून ५४ मिनिटं दाखवत होतं. उत्तर आलं, 'मुदत संपली आहे'. ताई म्हणाल्या, "भाऊ, घड्याळात त अजून सहा मिनिटं हाय ना?"

त्या रात्री मला उत्तर देता आलं नाही. नंतर शोधलं तेव्हा कळलं, की ते घड्याळ सरकारचं नव्हतंच. ते माझ्याच कॉम्प्युटरचं होतं. पान उघडलं की त्यातला प्रोग्राम आपल्यासमोरच्या यंत्राला वेळ विचारतो आणि तीच वेळ राजमुद्रेच्या बाजूला छापतो. मुदत मात्र सर्व्हरच्या, म्हणजे पोर्टल ज्यावर चालतं त्या दूरच्या कॉम्प्युटरच्या, घड्याळावर मोजली जाते.

माझ्या कॉम्प्युटरमधला बटणासारखा सेल संपलेला होता. असं झालं की लाईट गेल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडतच नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत जुळत नाही. म्हणून आम्ही भिंतीवरच्या घड्याळात बघून हाताने वेळ लावतो. त्या रात्रीही तसंच केलं, आणि भिंतीवरचं घड्याळ मागे होतं. सेल बदलायला हवा होता, ही माझी चूक मी मान्य करतो. पण सरकारी पानावरची वेळ सरकारची असेल, हा विश्वास ताईंचा होता आणि माझाही. तो चुकीचा ठरायला नको होता.

महोदय, खरी वेळ आपल्याकडे आहे. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा अणुघड्याळांवर राखते. सर्व्हरची घड्याळं तिच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या टाइम सर्व्हरशी (म्हणजे बाकीच्या यंत्रांना वेळ पुरवणाऱ्या सर्व्हरशी), नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडून ठेवावीत, असा निर्देश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिला आहे, आणि तो सरकारी संस्थांनाही लागू आहे. म्हणजे वेळ सर्व्हरपर्यंत पोचवण्याची सोय आहे. तिथून आमच्या पडद्यापर्यंत ती आणायची राहिली आहे.

ते अवघड नाही. पान उघडताना सर्व्हरला एकदा वेळ विचारायची, आपल्या यंत्राच्या वेळेशी तिचा फरक काढायचा आणि पुढे तो फरक धरूनच घड्याळ चालवायचं. दर काही मिनिटांनी पुन्हा विचारायचं. आमच्याकडचं नेट मंद आहे, हे खरं. पण प्रश्न जाऊन उत्तर यायला लागलेला वेळ मोजता येतो. त्याचा अर्धा भाग उत्तरातल्या वेळेत मिळवला, तर दोन सेकंदांच्या फेरीतही चूक एका सेकंदापलीकडे जात नाही. टाइम सर्व्हरची पद्धत, जिला एनटीपी म्हणतात, याच हिशेबावर उभी आहे; डेव्हिड मिल्स यांनी ती १९८५ साली मांडली. सर्व्हरशी संपर्क तुटला तर पानाने तसं स्पष्ट सांगावं, अंदाजाची वेळ खरी म्हणून दाखवू नये.

पावतीबद्दलही एक सांगायचं आहे. सर्व्हर बरेचदा जागतिक वेळेवर चालतात, आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. पावतीवर ती तशीच उमटली, तर रात्री १२ ते पहाटे साडेपाचपर्यंत भरलेल्या अर्जावर आदल्या दिवसाची तारीख पडते. आमच्याकडे रात्रीचं भरणं सामान्य गोष्ट आहे. कृषिपंपाची लाईट रात्री असते, शेतकरी ओलितासाठी जागाच असतो, आणि पोर्टलही तेव्हा जरा हलकं चालतं. म्हणून पावतीवर तारीख आणि वेळ सेकंदासह, 'भारतीय प्रमाणवेळ' असं लिहून यावी. आणि मुदतीच्या सूचनेत '३१ तारखेच्या रात्री १२' असं लिहिणं थांबवावं. ३१ तारीख सुरू होतानाचे १२ की संपतानाचे, यावर माझ्या केंद्रात भांडणं झाली आहेत. 'रात्री ११:५९:५९ पर्यंत' लिहिलं की प्रश्न मिटतो.

ताईंच्या अर्जाबद्दल मी तहसीलमध्ये वेगळं निवेदन दिलं आहे, त्यासाठी हे पत्र नाही. आपल्याला एकच विनंती. आपल्या कार्यालयातल्या कोणत्याही एका कॉम्प्युटरची वेळ आपोआप जुळणं बंद करा, घड्याळ दहा मिनिटं मागे घ्या आणि ज्या पोर्टलवर मुदतीचे अर्ज भरले जातात ते एकेक करून उघडा. ज्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ दहा मिनिटं मागे दिसेल, ते दुरुस्त करायला सांगा. पुढच्या हंगामाचे अर्ज सुरू होण्याआधी हे झालं, तर फार बरं होईल.

आपला,
एक सेवा केंद्र चालक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ