अवकाश वसाहतीच्या चित्रासोबत हवेचा हिशेबही छापा

संपादक महोदय,

अवकाशातील कायमस्वरूपी वसाहतींची रंगीत चित्रे अधूनमधून छापून येतात. लांबलचक नळकांडे, आत हिरवी टेकडी, तळे, घरे. विज्ञान प्रदर्शनांतही मुले त्याच धर्तीवर बाटलीच्या आकाराच्या प्रतिकृती मांडतात. त्यांच्याशेजारी आकडे मात्र क्वचितच दिसतात, आणि खरी अडचण त्या आकड्यांतच आहे.

वसाहत स्वतःभोवती फिरवली की आतल्या कडेवर उभ्या माणसाला वजन जाणवते. पृथ्वीइतके वजन हवे तर मिनिटाला एका फेऱ्यासाठी त्रिज्या सुमारे ८९५ मीटर लागते, दोन फेऱ्यांना २२४ आणि चार फेऱ्यांना अवघी ५६. मग लहान चाक भरभर का फिरवू नये? कारण वेगाने फिरणाऱ्या चाकात मान झटकन वळवली की कानाच्या आतला तोल सांभाळणारा द्रव भलतीकडे ढकलला जातो आणि मळमळते. नासाच्या १९७५ च्या अभ्यासात दहा हजार माणसांसाठी आखलेल्या चाकाचा व्यास १.८ किलोमीटर आला तो म्हणूनच. किरणांपासून बचावासाठी त्याला चंद्रावरच्या मातीचे १.७ मीटर जाडीचे कवच होते. तेवढ्याचेच वस्तुमान सुमारे एक कोटी टन!

बाटलीसारखा आकारही आपोआप टिकत नाही. आत पाणी हिंदकळते, सांगाडा लवतो, त्यात फिरण्याची ऊर्जा झिजते आणि लांबट वस्तू हळूहळू आडवी होऊन गरगरू लागते. अमेरिकेच्या पहिल्या उपग्रहाचे, एक्सप्लोरर-१ चे, १९५८ मध्ये हेच झाले. त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या आणि काही तासांतच तो आडवा फिरू लागला. कल्पना चावला यांचे नाव दिलेल्या ‘कल्पना वन’ या तीन हजार वस्तीच्या आराखड्यात त्रिज्या २५० मीटर आणि लांबी ३२५ मीटरच ठेवली आहे, ती याचसाठी. दिसायला तो बुटका डबा आहे. मुलांनी प्रतिकृती करावी ती अशा डब्याची.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती हवा. अमेरिकेतील ॲरिझोनात १९९१ मध्ये आठ माणसे ‘बायोस्फिअर-२’ या सुमारे सव्वा हेक्टरच्या बंदिस्त काचघरात दोन वर्षांसाठी राहायला गेली. शेती होती, झाडी होती. तरीही हवेतील प्राणवायू २०.९ टक्क्यांवरून सोळा महिन्यांत १४ टक्क्यांच्या आसपास आला. माणसांना धाप लागू लागली, झोप उडाली आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. पीक जोमदार यावे म्हणून माती सेंद्रिय खताने समृद्ध केली होती. तिच्यातले जिवाणू प्राणवायू खात होते. पण मग त्याच प्रमाणात कार्बन डायऑक्साइड वाढायला हवा होता, तो तितका वाढला नव्हता. तो गेला होता काँक्रीटच्या भिंतींत. काँक्रीटमधल्या चुन्याने तो शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनवले होते आणि त्यासोबतचा प्राणवायूही कायमचा अडकला होता. झाडांच्या हाती तो परत लागणार कसा? आतील काँक्रीटला हवाबंद लेप हवा, खत पूर्ण कुजलेले हवे, आणि दोन्ही वायूंची जमाखर्चासारखी रोज नोंद हवी. यातले एकही काम अवघड नाही, पण आराखड्याच्या वेळी ते सुचायला हवे.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचा टप्पा गाठला गेला. अन्न मात्र अजून जमिनीवरूनच जाते. अन्न आतच पिकवायचे तर तांदूळ माणूस खाईल. पेंढ्यात आणि तुसात अडकलेला कार्बन हवेत परत आणायला ते जाळावे किंवा कुजवावे लागतील आणि त्यालाही प्राणवायू लागेल.

शिक्षकांना आणि पुरवण्यांच्या संपादकांना विनंती, की चित्राखाली निदान एवढे तरी द्यावे: माणशी रोज सुमारे ०.८४ किलो प्राणवायू, म्हणजे तीन हजार वस्तीला अडीच टन. तो कोणत्या पिकातून येणार, त्याला किती जमीन लागणार आणि पेंढ्याचे काय करणार, ते मुलांना मांडू द्या.

– एक वाचक, पुणे