आपला डबा सापडला, पण…

प्रिय अव्या,

आपला डबा हरवलेला नाही. कुणीतरी सांभाळून ठेवला होता, आणि म्हणूनच मी घोळात पडलोय. घरी सांगून उपयोग नाही. डबा लपवायचा, त्याचे कोऑर्डिनेट्स म्हणजे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे आणि इतरांनी जीपीएसनं तो हुडकून आतल्या लॉगबुकात सही करायची, हा जिओकॅशिंगचा खेळ आईला पटतच नाही. ती म्हणते, प्लास्टिकच्या डब्यासाठी जांबोटीपर्यंत पेट्रोल कशाला जाळतोस?

पावसाळ्यात दोघातिघांनी वेबसाइटवर डब्याच्या पानावर 'सापडला नाही' अशी नोंद केलीय, ती तू पाहिलीच असशील. रविवारी उघडीप मिळाली तसा गेलो. माळ सोनकीनं पिवळा झालाय. कणकुंबीकडून ढग आला की समोरची डोंगररांग नाहीशी. फोन सांगतोय अंतर शून्य, आणि कपारीत नुसतं पाणी! तेवढ्यात म्हशींमागून आजोबा आले. "डबा हुडकूलास काय? पावसात भिजूलालता. मी देवाजवळ ठेवलो."

वर जांभळीखाली शेंदराचे दगड आहेत बघ, त्यांच्यामागे प्लास्टिकच्या पिशवीत सुतळीनं बांधून ठेवलेला. लॉगबुक कोरडं ठणठणीत. गोव्याच्या जोडप्याचा शिंपला, तुझी नाणी, सगळं जागच्या जागी. आजोबांना वाचता येत नाही. "लिवलेलं हाय म्हणजे कुणाचं तरी असंल," एवढंच म्हणाले. मला भरून आलं रे.

आता ऐक. ही जागा जुन्या जागेपासून १६१ मीटरच्या आतच आहे, म्हणजे खेळाच्या नियमानुसार डब्याचा मालक म्हणून तू स्वतःच कोऑर्डिनेट्स बदलू शकतोस. पण झाडाखाली जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतं. येणारा माणूस प्रत्येक दगड उचलून बघणार. देवाचे दगड! आजोबा म्हणतात, येऊ देत. पण माळ तुझ्या मामांचा, देवाची जागा वाडीची. एकट्या आजोबांच्या होकारावर कसं चालेल? बरं, कपारीत परत ठेवला तर त्यांनी जपलं ते चुकलं असं होतं. शिवाय ते तो पुन्हा उचलून वर नेतीलच.

पुरायचं नाव काढू नकोस. ठाऊक आहे, २००० साली ३ मेला ओरेगनात डेव्ह उल्मरनं या खेळातली पहिली बादली अर्धी पुरली होती. जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकेनं काढली आणि लगेच त्यानं ती लपवली, हे तू शंभरदा ऐकवलंयस. आता जमीनमालकाच्या परवानगीशिवाय पुरायला बंदी आहे, त्या भांडणात मीच बरोबर होतो. त्याच्या बादलीत घेवड्याचा डबा होता म्हणून तू आपल्यात कुंद्याची मिठाई ठेवायला निघालास! मुंग्यांनी सह्या केल्या असत्या लॉगबुकात.

मला वाटतं, जांभळीच्या अलीकडे मामांचा दगड रचलेला गडगा आहे ना, त्यात ठेवावा. मामांना मी विचारतो. पानावर स्पष्ट लिही, की डबा गडग्यात आहे, देवाच्या दगडांना हात लावू नये. वाडीत चार माणसांशी बोलायला आजोबा माझ्याबरोबर येतो म्हणाले. पण डबा तुझ्या नावावर आहे. मालक गप्प राहिला की वेबसाइटचे तपासनीस, रिव्ह्यूअर, पान बंद करतात, आणि ते मला बघवणार नाही.

इकडे सगळे बरे. बाबांचा गुडघा तसाच. नवीन घराचा ताबा मिळाला का? वहिनींची नोकरी? छोटीचा कान बरा झाला असेल.

सध्या डबा आजोबांकडेच ठेवलाय. दिवाळीच्या आधी जाऊन त्यांना काय ते सांगायचंय, तेव्हा या आठवड्यात फोन कर. रात्री नऊनंतर.

तुझा,
पक्या